गाडी सोडायची जागा

आबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी भांडून आलो की आधी तुम्हालाच सांगावंसं वाटतं. आज भोरात नगरपालिकेच्या सभेत भांडलो. संस्थानाच्या वेळचा तो नियम तुम्हाला ठाऊक आहे. नवं घर बांधायचं तर पुढं एक बैलगाडी सोडून बैल बांधता येतील एवढी जागा मोकळी ठेवायची. संस्थान गेलं, नियम राहिला. आपल्याकडं ना गाडी, ना बैल. तुम्ही मागं ठेवलेला तुकडा केवढासा. त्यात गाडीची जागा सोडली तर एकच खोली निघते. आणि जिच्यापायी मी कॉलेज अर्धवट टाकून आलो, तिच्या वडलांनी निक्षून सांगितलंय, सासू-सून एका खोलीत राहणार असतील तर पोरगी देणार नाही.

नियम काढावा की ठेवावा, यावर आज लोकांचं म्हणणं ऐकणार होते. मी उठलो. म्हटलं, ज्याला गाडी नाही त्यानं गाडीसाठी घर का कापायचं? आता एस.टी. आली. मागून कुणीतरी म्हणालं, "बोलू द्या त्याला, लगीन अडलंय बिचाऱ्याचं." सगळे हसले. माझं डोकं फिरलं. म्हणालो, ज्यांच्या गाड्या आहेत त्यांनी त्या डोक्यावर घेऊन हिंडावं. तेव्हा दाराजवळून तिचे वडीलच उठले. वेल्ह्याच्या पल्याडून बाजाराला आले होते.

"एस.टी. आमच्या वाडीला येत न्हाई, म्हाराज. बैल सावलीला बांधलं, त्यास्नी पानी दावलं, का मगच आमच्यात पाव्हना उंबरा चढतो. लेकीच्या दारात बैल उन्हात हुबं आन् बाप आत च्या पितोय, हे कसं व्हायचं? येवढं सांगा, मग काय बी ठरवा."

कुणी हसलं नाही. मला एकदम तुम्ही दिसलात. मामाची गाडी दारात येते, मी तांब्या घेऊन मामाकडं धावतो, आणि तुम्ही माझं मनगट धरता. "आधी बैलास्नी." एवढंच. मामाही तहानलेला, पण तो तुमच्याकडं बघून मान डोलावतो.

शेवटी नियम गेला. माझंच म्हणणं बऱ्याच जणांनी उचलून धरलं. बाहेर तिचे वडील जू बांधत होते. मला म्हणाले, "आता दोन खोल्या बांध, पोरा. पोर दिली."

"आणि तुमची गाडी?"

"सोडू नदीला. एकानं बैलांपाशी थांबायचं, एकानं यायचं. घटकाभर बसू आन् जाऊ."

रागानं नाही हो, अगदी समजुतीनं बोलले. तेच लागलं. त्यांच्या थोरल्या लेकीकडं दारात गाडी सुटते, तिथं ते दोन-दोन दिवस राहतात.

आईला नुसतं जिंकलो म्हणून सांगितलं. तिनं गूळ दिला हातावर. हे तुमच्यापर्यंत पोचायचं नाही म्हणूनच लिहितोय: मनात बांधलेल्या त्या घरात त्यांची पोर मला चुलीपाशी दिसायची, दारात दिसायची, माझी वाट बघताना दिसायची. तिच्याकडं तिच्या माहेरचं कुणी आलेलं मात्र मला एकदाही दिसलं नव्हतं.