धाकट्या मुलाच्या जागी

३ मार्च
ही रोजनिशी महिनाभर टाळली. एक म्हणजे कलावंताला वेळ नसतो, दुसरं म्हणजे पेन सापडत नव्हतं. आज काम मिळालं, म्हणून लिहितोय. हिंदी सिनेमा. मध्यमवर्गीय घरातली कॉमेडी, शेवटी थोडी रडारड. माझं काम धाकट्या मुलाच्या जागी उभं राहायचं. म्हणजे खरा नट येईपर्यंत, दिवे लावताना. उंची जुळली. सगळ्यांची सुरुवात अशीच होते.
ताईला फोन केला. म्हटलं, धाकट्या मुलाचं काम करतोय. यात खोटं काय?

६ मार्च
सेटवर अख्खं घर उभं केलंय. सोफा, बेसिन, फ्रिजवर गोळ्यांच्या पट्ट्या. बेसिनला पाइप नाही. मी सवयीने दोनदा हात धुवायला गेलो.
कॅमेरामन म्हणाला, तुझा चेहरा बरा आहे, उजेड सपाट पडतो. एवढा मोठा माणूस उगाच कौतुक करत नाही.
संकल्प: पहाटे उठून व्यायाम आणि हिंदी उच्चार. उद्यापासून.

७ मार्च
उद्यापासून.

११ मार्च
धाकट्याचा एकच मोठा सीन आहे. बापासमोर उभा राहून म्हणतो, पापा, मैं नौकरी नहीं करूँगा. आज दिवे लावताना मी ते मनापासून म्हणून टाकलं. बापाच्या खुर्चीत लाइटवाले दादा बसले होते. म्हणाले, नको करूस रे बाबा, पण हलू नकोस. सगळे हसले. टायमिंग आहे माझ्यात.
ताईचा फोन. बाबांच्या कानावर घातलं म्हणे. नोकरी सोडून घराबाहेर पडलो तेव्हापासून बाबा माझ्याशी बोलत नाहीत, जे काही असेल ते ताईमार्फत. विचारलं, काय म्हणाले? ताई म्हणाली, काही नाही, टीव्हीचा आवाज कमी केला.
बाबा बातम्या चालू असताना आवाज कमी करत नाहीत. ताईला म्हटलं, सांग त्यांना, मोठा सीन माझाच आहे.

१५ मार्च
नट आज येतो, उद्या येतो, येतच नाही. मला सगळं पाठ. दिग्दर्शकाच्या असिस्टंट बाईंना म्हटलं, वेळ आली तर मी आहे. त्या मोबाइलमधून वर न बघता म्हणाल्या, बरं. म्हणजे ठरलंच.
ताईला कळवलं, सोमवारी माझा सीन. पत्ताही दिला, कौतुकाने.
व्यायाम राहिला. उभं राहणं हाही व्यायामच.

सोमवार, दुपार
नट आला. जमिनीवरच्या माझ्या खुणेवर उभा राहिला, मी उभं राहून बसवलेल्या उजेडात. एका टेकमध्ये ओके. टाळ्या झाल्या, मीही वाजवल्या. मग बाई म्हणाल्या, धाकट्याचं काम संपलं, तू पण निघ.
वाईट वाटेल असं वाटलं होतं. काहीच वाटलं नाही. पाय तेवढे बधिर झालेत. सेटवरच्या पापाच्या खुर्चीत बसून लिहितोय, अजून कुणी उठवलं नाही.
ताईला खरं काय ते सांगून टाकायचं. आजच. फोन चार्ज झाला की.

आताच गेटवरचा वॉचमन आत आला. विचारतोय, कुणाकडे सोडायचं? बाहेर एक गृहस्थ आलेत, हातात प्रवासाची बॅग. सीन झाला तर नाही ना, असं विचारतायत. कोण म्हणून विचारलं, तर म्हणाले, धाकट्या मुलाचे वडील.