तुझ्या पोटातली माझी लेक

२ जून

चि. बारक्यास अक्काचे अनेक आशीर्वाद.

माझी लेक कशी आहे? सहा वर्षं झाली तुला किडनी देऊन, पण तुझ्या पोटात नांदायला गेलेली माझी पोरच ती. तुझा नवा स्कॅन झाला म्हणे. त्याची प्रत धाड. इथल्या दवाखान्यातल्या सिस्टरकडून वाचून घेईन. ती म्हणते, साधा फोटो नुसतं घर दाखवतो. यात सुईतून औषध सोडतात, मग घरातलं माणूस राबतंय की लोळतंय ते यंत्राला दिसतं. म्हटलं, असलं यंत्र तुझ्या लहानपणी हवं होतं!

घड्याळं दुरुस्त करायच्या नादात गोळ्या विसरू नको. तुझे भावोजी गेल्यापासून चेष्टा करायला तूच उरलायस.

तुझी अक्का

११ जून

ती. अक्कास सा. न. वि. वि.

लेक मजेत आहे. प्रत सोबत धाडली आहे. तिच्या कामाच्या आलेखाची रेघ कशी झरझर चढून उतरलीय बघ. गोळ्या सकाळ-संध्याकाळ वेळेवर. जिवाला घोर लावून घेऊ नकोस.

तुझा बारक्या

२४ जून

बारक्या,

आशीर्वादाचं शेवटी बघू.

प्रत पाहून सिस्टर झकास म्हणाली. मी गल्लीभर सांगत सुटले. मग वरची कड दिसली. तारखेवर कात्री चालवलेली, तीही घड्याळजीच्या सफाईने. तुझ्या बायकोला पत्र टाकलं. तिने खरा स्कॅन धाडला. तू मला दोन वर्षांपूर्वीचा दिलास. यंदाची रेघ धड उठतच नाही. काम निम्म्यावर आलंय.

गोळीने हात थरथरतात, बारका स्क्रू धरवत नाही, म्हणून चार महिने संध्याकाळची गोळी बंद, असं ती लिहिते. अरे, तोंड उघडायचंस! डॉक्टरने काहीतरी मार्ग काढला असता. लहानपणी चिंचा चोरून खोटं बोलायचास, तेव्हा मला हसू यायचं. आता माझ्याच लेकीचा जुना फोटो दाखवून मला फसवलंस.

उद्याच डॉक्टरकडे जा. उरलंसुरलं अजून वाचेल, असं सिस्टर म्हणते. माझ्याकडे आता एकच आहे. मागितलीस तर देणार नाही, असं ठणकावून लिहायला बसले होते. पण माझाच मला भरवसा नाही, आणि त्याचाच जास्त राग आलाय.

घे आशीर्वाद. लोभ माझ्यावर नको, माझ्या लेकीवर असू दे.

अक्का