माणुसकीने चालणारा कारखाना

३ जून
आजपासून धंदा माणुसकीने. कालच्या सेमिनारने डोळे उघडले (शेवटच्या तासाला मिटले होते, पण सार कळलं). हॉस्पिटलांना गणवेश पुरवणारी बडी कंपनी आता फक्त कामगारांना मानाने वागवणाऱ्यांनाच ऑर्डर देणार. मिळाली तर माझी शिलाईमशिनं वर्षभर थांबणार नाहीत. नाही मिळाली तर शटर ओढायचं. पण माणुसकी माझ्यात उपजतच आहे. फक्त दिसायला हवी.

४ जून
दर्शनी भिंतीवर बोर्ड लावला: 'इथे माणूस आधी'. शिलाईच्या बायकांना टाळ्या वाजवायला सांगितल्या. वाजवल्या. कटिंगवाल्या काकू म्हणाल्या, साहेब, बोर्ड झकास, पण बाथरूमला आतून कडी तेवढी बसवा. मी म्हणालो, साहेब नको, दादा म्हणा. विषय मिटला.

७ जून
बायका बाथरूमला जोडीने जातात! एक आत, दुसरी बाहेर दाराला पाठ लावून. म्हणजे दोन मशिनं बंद. गप्पा, दुसरं काय? नियम काढला: एका वेळी एकीनेच जावे. खाली लिहिलं, 'आपल्या स्वातंत्र्याचा आम्ही आदर करतो'.

८ जून
आज कोणीच गेलं नाही. पाणीही कोणी प्यायलं नाही. प्रॉडक्शन वाढलं. माणुसकीत नफा आहे, सिद्ध!
जेवताना बायकोला सांगितलं. ती म्हणाली, एक कडी बसवायला काय होतं रे तुला? म्हटलं, प्रश्न कडीचा नाही, व्हिजनचा आहे. ती म्हणाली, मग आपल्या बाथरूमची कडी काढते, बघू तुझं व्हिजन. बायकोला बिझनेस कळत नाही.

१२ जून
काकू पुन्हा. काजं करणारी नवी मुलगी दिवसभर दाबून धरते, आता तापाने पडलीय म्हणाल्या. शिवाय म्हणाल्या, समोरच्या कारखान्याचा मालक फाटक्या तोंडाचा आहे, पण त्याच्याकडे दार लागतं. वाईट वाटलं. खरंच वाटलं. झोप नाही. उद्या कडी आणायचीच.

१३ जून
दुकानात गेलो. कड्या अगदीच साध्या. आपल्या व्हिजनला शोभेल अशी एकही नाही. रिकाम्या हाताने कसं यायचं, म्हणून सूचनापेटी आणली. तिला छान कुलूप आहे.

१७ जून
काकूंसकट सगळ्या समोर कामाला गेल्या. पेटी उघडली. रिकामी. म्हणजे कोणाची काही तक्रारच नव्हती! मग गेल्या का? करावं तेवढं थोडंच. उद्या कंपनीची तपासणी. घाबरायचं कारण नाही. बोर्ड आहे, पेटी आहे, मी आहे.

१८ जून
तपासणीच्या बाई आल्या. बोर्डाचा फोटो काढला. कामगार कुठे, विचारलं. म्हटलं, सगळ्यांना एकदम विश्रांती दिलीय. त्यांनी मान डोलावली. ऑर्डर खिशात, असं वाटतंय तोच त्यांनी बाथरूम विचारलं.
आतून ओरडल्या, अहो, कडी नाही याला! म्हटलं, निश्चिंत राहा मॅडम, मी आहे ना. दाराला पाठ लावून उभा राहिलो. त्या म्हणाल्या, तुम्ही आधी तिथून निघा. निघावं तर दार उघडणार, थांबावं तर बाई ओरडणार. घाम फुटला. शेवटी खिडकीतून समोर काकूंना हाक मारली.
काकू आल्या. मला बाजूला केलं आणि दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या. बाई बाहेर आल्या, काकूंचे आभार मानले आणि त्यांच्याबरोबर रस्ता ओलांडून समोर गेल्या.
ऑर्डरही तिकडेच गेली.