संशयी नवऱ्याचं काम

बाबा, तुमचं नाटक पुन्हा येतंय. अंधेरीची तरुण मुलं करताहेत. तुमची मुलगी म्हणून त्यांच्या दिग्दर्शिकेने मला मुलुंडला शोधून काढलं. "काकू, बुकलेटसाठी एक पान द्या ना. नाटक आलं कुठून, अजून का चालतं, आणि तुमचे बाबा त्यात कसे झकास होते, एवढंच. जास्त हेवी नको हां." पहिल्या दोन गोष्टी लिहून झाल्या. तीन आठवडे तिसरीशी अडून बसले आहे.

नाटक आलं कुठून, हे सोपं. मूळ प्रहसन परदेशी. ते इकडे येऊन नऊवारी नेसलं, त्यात पदं आली आणि ते घरचंच झालं. नवऱ्याला बायकोचा संशय येतो, तो पलंगाखाली लपतो आणि संतापला की नेमका गायला लागतो. अजून का चालतं, हेही सोपं. बायको निर्दोष आहे हे प्रेक्षकांना पहिल्या प्रवेशापासून ठाऊक असतं, एकट्या त्यालाच नसतं. शेवटी तो कान धरून माफी मागतो, दोघं मिळून गातात, आणि माणसं खूश होऊन घरी जातात.

तुम्ही कंपनीच्या नाट्यमंडळात वर्षानुवर्षं हा नवरा केलात. पलंगाखालच्या पदाला दर प्रयोगात वन्स मोअर. "काय नैसर्गिक काम करतात हो!" असं लोक आईला येऊन सांगायचे आणि ती मान हलवायची. नैसर्गिक असणारच. तालीम रोज घरी चालायची. आई घाटकोपरला एका ऑफिसात टेलिफोन ऑपरेटर होती. ती आली की तुम्ही तिचा डबा उघडून बघायचात. भाजी उरली असेल तर कोणाबरोबर बाहेर खाल्लंस, आणि संपली असेल तर कोणाला वाढलीस. यावर कोणी हसलं नाही, बाबा. मला तुमची चीड यायची, अजून येते.

मी आठ वर्षांची. शनिवारची दुपार. तुम्ही तालमीहून खुशीत येता आणि नाटकातल्या नोकराला विचारता तसं मला विचारता, "काय रे गड्या, घरी कोण आलं होतं?" मी त्या नोकरासारखी कमरेवर हात ठेवून म्हणते, "एक साहेब आले होते, चहा घेऊन गेले." तुम्ही खो खो हसता. मग थांबता. "कुठले साहेब?" आई कणकेच्या हातांनी बाहेर येते. "कोणी आलं नव्हतं."

"मग पोरगी खोटं बोलते?"

आई माझ्याकडे बघते. बराच वेळ बघते. "तिला मध्ये घेऊ नका," एवढंच म्हणते.

सोमवारी तिने राजीनामा दिला. मजकूर तुम्ही सांगितलात. पुढे आपल्या घरी फोन बसला, तेव्हा एके काळी दिवसभर शंभर फोन जोडणारी ही बाई तुम्ही घरात असलात तर रिसीव्हरला हातसुद्धा लावत नसे. माफीचा प्रवेश आमच्या वाट्याला आलाच नाही. तुमच्या शोकसभेत तिघांनी तुमची संशयी चाल करून दाखवली आणि हॉल हसला.

हे सगळं मी त्या पानावर लिहिलं. काल आईला वाचून दाखवलं. तिने डोळे मिटून ऐकलं. "फाडून टाक. मुलं हौसेने करताहेत." मग म्हणाली, "आणि तू लहान होतीस गं." मी विषय बदलला, तिला औषधाची आठवण केली.

पान फाडलं. तुम्ही किती झकास होतात ते आता चार ओळींत लिहून देईन.

त्या शनिवारी कोणी आलं नव्हतं, बाबा. तुम्ही हसावं म्हणून मी तसं म्हटलं. नंतर सांगायला वर्षं होती, तुम्ही शेजारच्याच खोलीत होतात. पण साऱ्या घरात तुमचा विश्वास एकट्या माझ्यावर होता, आणि तो मला घालवायचा नव्हता.