दळण होईस्तोवर संपणारी गोष्ट

मी, रुखमाबाई भीमराज मनवर, वय सत्तर, धंदा पिठाची गिरणी, राहणार फुलसावंगी, तालुका महागाव, जिल्हा यवतमाळ, हे मृत्युपत्र माझ्या हातानं लिहिते. डोकं ठिकाणावर आहे; डॉक्टरीणबाईंचा तसा दाखला सोबत जोडला आहे. कोणाचा दबाव नाही. माझ्यावर दबाव टाकणारा माणूस या गावात अजून जन्मायचा आहे. मरणाचीही घाई नाही. चार दिवस हे लिहिणं चाललं आहे, आणि शेवटी शेवटी अक्षर वाकडं आलं असेल तर ते आजारानं नाही, आनंदानं आलं आहे.

कलम १. राहतं घर मुलगा प्रफुल्ल याला. तो यवतमाळला नोकरीवर आहे, सून उर्वशी त्याच्यासोबत. गच्ची गळते हे त्याला सांगून सांगून माझं तोंड दुखलं. आता त्याची गच्ची, त्याचं पाणी. धाकटा मुलगा आणि मुलगी यांना त्यांचा वाटा आधीच दिला आहे.

कलम २. गिरणीच्या दगडाला टाकी लावायची, म्हणजे खाचा पाडायची, हातोडी आणि छिन्नी टाकी लावणाऱ्या डोंगरसिंगला. माझे यजमान भीमराज गेले तेव्हा लोक म्हणाले, बाईच्या हातानं गिरणीचा पट्टा चढत नसतो. डोंगरसिंग तेवढा आला. त्यानं पट्टा कसा चढवायचा ते दाखवलं आणि निघून गेला.

कलम ३. गिरणीतला फळा. हे कलम लांबेल, कारण माझा खरा जीव इथं आहे. फळा यजमानांनी दर लिहायला लावला होता: गहू, ज्वारी, डाळ. गिरणी सुरू असली की शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. बाया डबा नंबरात लावतात आणि भिंतीकडे पाहत उभ्या राहतात. मला वाटलं, या बिचाऱ्यांनी ज्वारीचा दर किती वेळा वाचायचा? म्हणून दराखाली एक गोष्ट लिहिली. माझी अट एकच होती, एक डबा दळून होईस्तोवर गोष्ट वाचून संपली पाहिजे.

पहिले कितीक दिवस कोणी काही बोललं नाही. मी मनातून पार खचले. दहावी नापास बाई, कोण वाचणार? मग एक दिवस लिहिलं: रागानं माहेरी निघालेली बाई. बस सुटल्यावर तिला दिसतं, घराची किल्ली आपल्याच कमरेला आहे. बस, एवढंच. त्या दिवशी तांड्यावरची लालीबाई फळ्याकडे पाहत पाहत दुसरीचाच डबा उचलून घेऊन गेली. गव्हाच्या जागी ज्वारी. पोळी लाटायला बसली तेव्हा कळलं. दुसऱ्या दिवशी डोक्यावर डबा घेऊन तरातरा येताना दिसली, तेव्हा मी भांडणाची तयारी करून पदर खोचला. तिनं डबा ठेवला, गिरणी बंद करायची खूण केली आणि विचारलं, "मंग उतरली काय थे बाई?"

बाप्पा! मला नाचावंसं वाटलं. डबे बदलल्याबद्दल मी दोघींचंही दळण फुकट करून दिलं. मला लिहिता येतं, हे मला लालीबाईनं सांगितलं.

कलम ४. पुसदचे नरहरराव, कथास्पर्धेचे परीक्षक. माझी नात मैत्रेयी, प्रफुल्लची मुलगी, माझ्याकडे राहून पुसदच्या कॉलेजात शिकते. तिनं स्पर्धेत चार ओळींची गोष्ट दिली. यांनी ती स्टेजवरून वाचून दाखवली आणि म्हणाले, बाळ, पान तरी भरायचं होतंस. लोक हसले. तेव्हापासून पोरगी मोबाईलवर लिहिते आणि पुसून टाकते. मी स्वतः पाहिलं आहे. नरहररावांना माझ्या पश्चात एक पोतं कोंडा पोचवावा. पोतं भरलेलं असलं म्हणजे झालं, आत काय आहे ते पाहायची त्यांना सवय नाही.

कलम ५. गिरणीचा गाळा. प्रफुल्लला तो मोबाईलच्या दुकानाला भाड्यानं द्यायचा आहे. फळा काढून तिथं काचेचं कपाट येईल म्हणतो. त्याचं चूक नाही, घरोघरी छोट्या चक्क्या आल्या, माझे डबे कमी झाले. पण माझी मर्जी अशी: मी सही करण्याआधी मैत्रेयीनं फळ्यावर स्वतःची एक गोष्ट लिहिली, तर गाळा, गिरणी आणि फळा तिचा. नाही लिहिली तर गाळा प्रफुल्लचा, आणि माझी तक्रार नाही.

तिला हे सांगितलं तर रडायला लागली. आजी, मले नाही सुचत, म्हणाली. म्हणून तिच्यासाठी हेही लिहून ठेवते. सुचत काही नसतं बाई, दिसतं. मोठा डबा आणणारी एक दिवस पिशवीतून दळण आणते, तेव्हा तिच्या घरातून कोणीतरी गेलेलं असतं. दातानं अधू म्हातारा असला की पीठ बारीक मागतात. डबा पाहायचा आणि उरलेलं वाचणाऱ्यावर सोडायचं. दगड फार कसला तर पीठ जळतं, फार सैल सोडला तर भरड निघते. गोष्टीचंही तेच आहे. आणि भीती वाटते म्हणून थांबायचं नाही. मला अजून वाटते.

सुरुवातीची चार दिवसांची ओळ आज वर घातली; बाकी इथवर गुरुवारी लिहिलं होतं. पुढचं आज, रविवारी.

कलम ६. सहीसाठी प्रफुल्ल आणि उर्वशी सकाळच्या गाडीनं आले. मी चहा टाकला. गिरणीत गेले तर दर तसेच होते आणि खाली मैत्रेयीचं अक्षर. ती स्वतः दाराआड उभी होती, बोटं खडूनं पांढरी. लिहिलं होतं:

"नवी सून पहिल्यांदा दळण घेऊन आली. गिरणीवालीनं विचारलं, घरी माणसं किती? तिनं बोटांवर मोजलं. सासरा, सासू, नवरा, दीर, नणंद. म्हणाली, पाच."

प्रफुल्लनं वाचलं, परत वाचलं. तो म्हणाला, "पाचच तर आहेत. यात गोष्ट कुठं आहे?"

उर्वशी फळ्यासमोर उभी होती. लग्न होऊन आली तेव्हा या घरात पाचच माणसं होती. ती त्याच्याकडे न पाहता म्हणाली, "मी राह्यली."

प्रफुल्ल खाली बसला. बोटांवर मोजलेली ती सासू मी आहे, हे मलाही समजलं. मैत्रेयी दाराआडून बाहेर आली आणि आईला बिलगली.

सबब गाळा, गिरणी आणि फळा मैत्रेयी प्रफुल्ल मनवर हिचा. यावर कोणी वाद घालू नये. प्रफुल्लनं घातला नाही.

कलम ७. बँकेतली माझी ठेव कोणाला द्यायची हे माझं ठरत नव्हतं. आता ठरलं. ती उर्वशीला. तिच्या एकटीच्या नावे, तिच्या एकटीच्या सहीनं निघेल अशी.

वरील सर्व मी लिहिलं, वाचलं आणि खालील दोन साक्षीदारांसमोर सही केली. त्या दोघांना यातलं काहीही मिळत नाही, याची त्यांनी आनंदानं नोंद घेतली आहे.

सही: रुखमाबाई भीमराज मनवर

साक्षीदार:
१. खेमसिंग राठोड, शेती, राहणार फुलसावंगी
२. डॉ. आभा जोशी, राहणार पुसद

ठिकाण: फुलसावंगी, गिरणीत
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५