रुईचं डोकं कोणाच्या पानात?

धर्मनगर, २२ ऑक्टोबर १९९४

चि. सौ. मिनतीस,

विजयादशमीचे अ. आ. तुझ्या यजमानांना, निर्मलबाबूंना, आणि टुकाईलाही सांग.

दुर्गापूजेच्या सुटीत दोन्ही पोरं इथे आली, घर भरल्यासारखं वाटलं. पण मांडवात दोघं शेजारी उभी राहिली आणि माझ्या काळजात चर्र झालं. एकाच पावसाळ्यात, बाबांच्या घरी आपण दोघी बाळंत झालो. तुझ्या टुकाईचा आवाज फुटला, मिसरूड आलं, उंचीत तो मला मागे टाकून गेला. माझा रंटू अजून पाचवीतला वाटतो. शेजारच्या काकींनी विचारलं, की हा टुकाईचा धाकटा भाऊ का. मी वरवर हसले.

जिम्नॅस्टिक्स शिकायला म्हणून मी त्याला विश्वासाने तुझ्या हवाली केला. आता स्पष्ट विचारते. राग येईल, येऊ दे. तुमच्याकडे रुई मासळी आणली की मानाचं डोकं कोणाच्या पानात पडतं? पोटाकडचा तुकडा कोणाला आणि शेपटी कोणाला? रंटूला विचारलं, तर मासी, म्हणजे तू, सगळं वाढतेस म्हणाला आणि मान खाली घातली. मान खाली घालायचं कारण काय?

शिवाय इथे लोक म्हणतात, ते आखाड्यातले सर पोरं लहानच राहावीत म्हणून कसल्या गोळ्या देतात. डिसेंबरात संघाची निवड आहे हे मला माहीत आहे. पण तुझं उत्तर पटलं नाही, तर त्याआधीच मी पोराला घेऊन जाईन.

तुझी,
शेफाली दिदी

आगरतळा, २९ ऑक्टोबर १९९४

ती. सौ. दिदीस,

शि. सा. न. वि. वि. प्रणाम आधी केलाय, आता भांडते.

दर रविवारी डोकं तुझ्या लेकाच्या पानात पडतं. माझा लेक समोर बसलेला असतो, तरीही. बहिणीचं पोर आहे, कोणी बोट दाखवू नये म्हणून. तरी तू दाखवलंसच.

गोळ्याबिळ्या काही नाहीत. मी रतिन सरांना विचारलं, तर ते हसायला लागले. म्हणाले, की कोणी तेराव्या वर्षी वाढतो, कोणी सोळाव्या. उशिरा वाढणारी पोरं या खेळात उलट जास्त टिकतात. आणि जामाईबाबू, म्हणजे तुझे यजमान, शाळा संपेपर्यंत अर्ध्या चड्डीत शोभायचे, हे तुझ्या सासूबाईच कौतुकाने सांगायच्या. त्यांना कोणत्या मासीने उपाशी ठेवलं होतं?

हाल झालेत ते टुकाईचे. हातपाय एवढे वाढले, की गेल्या वर्षीची सोपी कोलांटीही आता चुकते, धाडकन पडतो. सर सगळ्यांसमोर त्याला रेडा म्हणतात, कमी खा म्हणतात. पोरगा मात्र शहाणा झालाय. एकदा वाढलं की पुरे म्हणतो, पुन्हा मागत नाही. या वयाचा एकच मुलगा आमच्या आखाड्यातून निवडीला जाणार आहे, तुला कल्पना असेलच.

लोभ कमी झाला असेल तर तसं कळव, म्हणजे मीही भात जरा कमी टाकेन.

तुझी,
मिनती

आगरतळा, ७ नोव्हेंबर १९९४

ती. सौ. दिदीस,

शि. सा. न. वि. वि. तुझ्या उत्तराची वाट न बघता लिहिते.

तू संशय घेतलास म्हणून काल मी स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहिले. मी आत गेले असं समजून रंटूने रुईचं डोकं अलगद टुकाईच्या पानात सरकवलं. वर आपल्या भाताचा अर्धा ढीगही ढकलला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलंसुद्धा नाही, म्हणजे हे रोजचंच असणार.

आज टुकाईचं वजन पुन्हा वाढलेलं निघालं. सरांनी त्याला रिंगांवरून उतरवलं. आता मीही स्पष्ट विचारते. जागा एक आणि पोरं दोन. माझ्या लेकाला जड करायचं, हे पूजेच्या सुटीत रंटूला कोणी शिकवलं? एवढ्याशा पोराच्या डोक्यात हे आपणहून येतं का?

तुझी,
मिनती

धर्मनगर, १२ नोव्हेंबर १९९४

मिनती,

आशीर्वाद. ते तुझ्या वागण्यावर अवलंबून नाहीत.

सासूबाईंना विचारलं. त्यांचा लेक कॉलेजात गेल्यावर वाढला, हे खरं आहे. गोळ्यांचं बोलणं मी मागे घेते. पण माझ्या पोराला तू कपटी म्हणालीस, हे मी गिळणार नाही. आपल्या तोंडातला घास देणाऱ्यावर संशय घेणारी माझ्या पाहण्यात तू पहिलीच. मी त्याला काहीही शिकवलेलं नाही. त्यालाच समोर बसवून विचार. पुढच्या रविवारी मी येते आहे, त्याची पेटी भरून ठेव.

शेफाली

आगरतळा, १६ नोव्हेंबर १९९४

ती. सौ. दिदीस,

शि. सा. न. वि. वि.

विचारलं. टुकाईला आंघोळीला पाठवलं आणि रंटूला समोर बसवलं. मी रागातच होते. तो नखं कुरतडू लागला. मग म्हणाला, की मासी, त्याला फार भूक लागते. आखाड्यातून येताना तो नळाचं पाणी पीत सुटतो. सरांच्या भीतीने तुझ्याकडे मागत नाही. मला एवढी लागतच नाही गं. मग मी देतो. त्याने मला शपथ घातली होती, म्हणून आईलाही सांगितलं नाही.

दिदी, मी टुकाईला शहाणा झाला म्हणत होते. माझ्याच चुलीपुढे माझा पोरगा उपाशी उठत होता आणि मी तुझ्या पोराच्या पानावर पहारा करत होते.

काल सरांकडे गेले. चढ्या आवाजात बोलले, सगळ्यांसमोर. टुकाई यंदा निवडीला उतरणार नाही. आधी पोटभर जेवेल, वाढायचं तेवढं वाढेल, मग रिंगा आहेतच. सर पुटपुटले, की पुढे याच्याच दंडात ताकद येईल. जागा रंटूची झाली.

मी रंटूला जे म्हणाले, त्याबद्दल तू मला समोर बसवून हवं ते बोल. रविवारी जरूर ये. पण पेटी मी भरलेली नाही. रंटूला नेऊ नकोस, दिदी. तो गेला, तर माझा मुलगा भुकेला आहे हे मला कोण सांगेल?

तुझीच,
मिनती