वेलावरचे नवरदेव

शिरूर अनंतपाळ, वैशाख, शके १९०५

चि. गुरुपादप्पा यास महादेवप्पाचे शरणु शरणार्थ व आशीर्वाद. तुझी प्रकृती उत्तम असेल असे गृहीत धरतो. नव्या जिल्ह्याच्या गावी राहणाऱ्यास आजारी पडायला सवड कुठली? आमचे येथे सर्व कुशल (विहीर आणि गुरे वगळून, पहिली आटली, दुसरी विकली).

तुझ्या लिंगैक्य झालेल्या बहिणीने, आमच्या मल्लम्माने, वर्षानुवर्षे जपलेल्या भोपळ्याच्या बिया गतसाली आम्ही भुकेपोटी भाजून खाल्ल्या (चव चांगली होती, हे लिहिताना लाज वाटते). चुकून राहिलेल्या एका बीचा वेल परसात आहे. इष्टलिंगाच्या पूजेस फूल हवे, आणि गावात फूल म्हणावे असे तेवढेच. मी विवेकाने वागलो. ज्या फुलाच्या बुडाशी इवले फळ दिसे ते सोडले. नुसत्या देठावरची वांझ फुले मात्र रोज पहाटे खुडून देवास वाहिली. तरीही फळे पिवळी पडून गळू लागली. मी दोष प्रथम अवर्षणास दिला, मग दृष्टीस, मग सून शिवम्माच्या भांडी घासल्या पाण्यास. शांतिपाठही केला, आणखी दोन गळली.

अखेर शाळेतील सिंधुबाईंनी फुले चिरून दाखविली. ती वांझ फुले म्हणजे नर! त्यांचा पराग माशीने मादी फुलावर नेला की त्यातून एक नळी फुटते, ती खाली उतरून दोन नरपेशी सोडते. एक अंडपेशीशी मिळून गर्भ होते. दुसरी शेजारच्या पेशीशी मिळून त्या गर्भाचे अन्न होते. बाळ एका पेशीचे असते, तोच त्याची शिदोरी वाढू लागते. (आपल्या जिल्ह्यात आधी पाटी लागली, पाणी अजून वाटेत आहे.) मीलन झालेच नाही, तर फळ गळते. बीज आणि क्षेत्र यांवर मी चाळीस वर्षे निरूपण केले, गुरुपादप्पा, आणि परसातले एवढे मला ठाऊक नव्हते.

शिवम्मा पदर तोंडाला लावून म्हणाली, “मामा, समदे नवरदेव तुमी देवाला वाहिले, आता लेकरं कुठनं व्हावी?” सिंधुबाई हसल्या. मी पूजेच्या खोलीत गेलो, पण नजर वर होईना.

मुलाबाळांस आशीर्वाद.

तुझा दाजी,
महादेवप्पा

ता. क. वेलावर मादीची एकच कळी उरली आहे. ती सोमवारी पहाटे उमलेल. नर एकही नाही. तुझ्या अंगणातला वेल मल्लम्माच्याच बियांचा. सोमवारी उमलतील अशा दोन नरकळ्या लांब देठासह पाण्यात ठेवून रविवारच्या एस.टी.ने स्वतः घेऊन ये. कंडक्टरजवळ देऊ नकोस. तोही शिवभक्त आहे.

पुन्हा ता. क. शिवम्माला पाचवा महिना आहे. आमचा बसवराज, तिचा नवरा, खडीच्या कामावर दूर. ती दोन कोसांवरून घागर आणते आणि आपल्या वाट्याचे अर्धे पाणी वेलास घालते. रागावलो तर म्हणते, “सासूबाईचं बी हाय ते.” तुझ्या गल्लीत टँकर येतो असे ऐकतो. परतताना तिला घेऊन जा. कळ्या मिळाल्या नाहीत, तरी ये.